पलीकडच्या अंगणातली नीळ

एकदा एका नदीकाठी एक वृद्ध रंगारी राहत असे. नीळ चढवण्यात त्याचा हात धरणारा त्या पंचक्रोशीत दुसरा कोणी नव्हता. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले मोठमोठे रांजण, त्यांत गूळ आणि चुना घालून आंबवलेले निळीचे पाणी आणि त्या पाण्याचा उग्र दर्प. नवखा माणूस नाक धरून पळत सुटे. वृद्धाला मात्र त्या वासावरूनच रांजणाची तब्येत कळे. सगळे त्याला आबा म्हणत.

आबांपाशी एक शिष्य होता. हुशार, कष्टाळू आणि, खरे सांगायचे तर, थोडा हट्टी. त्याचे घर नदीच्या पलीकडच्या तीरावर, अगदी समोर. रांजणाशी उभे राहिले की त्याला आपल्या दारातला शेवगा दिसे, दिवेलागणीला चुलीचा धूर दिसे, आणि वारा तिकडून असला तर सारजाचा, म्हणजे त्याच्या लहानग्या लेकीचा, आवाजही ऐकू येई. सुरुवातीला तो रोज संध्याकाळी नदीचा उतार ओलांडून घरी जाई. काम वाढले तसा बाजाराच्या दिवशी जाऊ लागला. मग नुसता सणासुदीला. जीव मात्र रोज त्या धुराकडे लागलेला असे. 'एवढी खेप उरकली की जाईन,' असे तो स्वतःला सांगे. खेप उरके, तोवर दुसरी आलेली असे.

हे 'एवढे उरकले की' तुम्हाआम्हाला काही नवे नाही. कचेरीच्या खिडकीतून आपल्याला घरचा धूर दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

एके दिवशी एक व्यापारी आला. मुलीच्या लग्नासाठी त्याला गडद निळे लुगडे हवे होते, तेही येत्या बाजारापर्यंत. जाता जाता तो शिष्याला बाजूला घेऊन म्हणाला, "रंग मनासारखा चढला, तर आमच्या पेढीचं सगळं काम तुमच्याकडं. आणि आबा आता थकले. पुढं सगळं तुम्हीच बघणार ना?"

शिष्य हुरळून गेला. दुसऱ्या दिवशी घरी सारजाचे कान टोचायचे होते. 'बाबांच्या मांडीवर बसेन, तरच टोचून घेईन,' असे तिने केव्हापासून बजावून ठेवले होते. शिष्याने पलीकडे जाणाऱ्या गुराख्याबरोबर निरोप धाडला, काम निघाले आहे, जमणार नाही. आबांनी तो निरोप ऐकला.

आबांची रीत ठरलेली होती. कापड रांजणात थोडाच वेळ बुडवायचे, पिळून बाहेर काढायचे, दोरीवर टाकून वाऱ्याला लावायचे आणि मग पुन्हा बुडवायचे. असे कितीतरी वेळा. हे मधले वाळत घालणे म्हणजे आबांच्या म्हातारपणाने शोधलेला विसावा असावा, अशी शिष्याची आपली समजूत. त्याने पहिले काही हात रीतीप्रमाणे दिले. मग मनात घाई शिरली. त्याने दोरीला फाटा दिला आणि सकाळी बुडवलेले लुगडे दुपार टळेपर्यंत रांजणातच राहू दिले.

बाहेर काढले तेव्हा त्याने ते उजेडाकडे धरून पाहिले. रंग गडद होणे दूरच, आधी चढलेली नीळसुद्धा उतरली होती.

"आबा, आता काय करू? बाजार परवावर आलाय!"

आबांनी लुगडे त्याच्या हातून घेतले, क्षणभर रांजणात बुडवले, घट्ट पिळले, त्याची गुंडाळी केली आणि ओल्या गोणपाटात बांधून त्याच्या खांद्यावर ठेवली. "ऊठ. हे तुझ्या अंगणात नेऊन वाळत घाल. खडखडीत वाळेस्तोवर तिथनं हलायचं नाही. उद्या घेऊन ये."

"आबा, दोऱ्या इथं आहेत की!"

"असू देत. इथल्या आज नकोत."

म्हाताऱ्याला भ्रम झाला, असे मनाशी म्हणत शिष्य तणतणत नदीत उतरला. पाणी गुडघ्याएवढेच होते. एवढ्याशा पाण्याने आपल्याला इतके दिवस अडवले होते, याचे त्याला चालता चालता नवल वाटू लागले.

बायको पाण्याला गेली होती. दारात सारजा होती. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग आत पळाली. परत आली तेव्हा तिच्या एका हातात पाण्याचा तांब्या होता आणि दुसऱ्या तळहातावर गुळाचा खडा.

"घ्या," ती म्हणाली.

गूळपाणी पाहुण्याला देतात. शिष्याने तो खडा तोंडात टाकला आणि तिच्याकडे पाहिले. तिच्या दोन्ही कानांत कडुनिंबाच्या बारीक काड्या होत्या.

"दुखलं का गं?"

"तेव्हा दुखलं," सारजा म्हणाली. "आता नाही."

त्याने गुंडाळी सोडली आणि लुगडे दोरीवर पसरले. आतल्या घड्या पोपटी हिरव्या होत्या. वारा लागला आणि त्या हिरव्यावर कडेकडेने निळाई धावू लागली.

"अय्या! कोण रंगवतंय त्याला?" सारजाने त्याचा हात धरला.

"वारा," शिष्य म्हणाला. रोज डोळ्यांसमोर घडणारी ही गोष्ट त्याने कित्येक महिन्यांत नीट पाहिलीच नव्हती. लुगडे वाळेपर्यंत तो तिथेच बसून राहिला. सारजा त्याची निळी नखे एकेक करून घासून बघत होती.

दुसऱ्या दिवशी त्याने लुगडे आबांपुढे ठेवले आणि मान खाली घातली. आबा म्हणाले, "बाळा, रांजणात नीळ फक्त धाग्यात शिरते. निळी होते ती बाहेर आल्यावर. बाहेर काढलंच नाही, तर रांजण दिलेला रंगही परत घेतो. त्यात त्याचा दोष नाही. त्याच्यावरच आपली भाकरी आहे. पण कापड आता काढ, असं रांजण कधी सांगायचा नाही. व्यापारी तर नाहीच नाही. ते रंगाऱ्यानंच ठरवायचं असतं."

"पण आबा, वारा इथंही होता. मला पलीकडं का धाडलंत?"

आबांनी समोरच्या तीराकडे बोट केले. "तुझ्या शेवग्यामागं एक पडकी भिंत आहे ना, ते माझं घर. मलाही इथनं धूर दिसायचा. मीही रोज बघत होतो. एके दिवशी दिसायचा थांबला." त्यांनी हात खाली घेतला. "आज तिथं दोरी बांधली, तरी वाळलं का म्हणून विचारणारं कोणी नाही रे. तुझ्या अंगणात आहे."

बाजाराच्या दिवशी व्यापारी आला. शिष्याने त्याला लुगडे दाखवले आणि शांतपणे म्हणाला, "शेठ, अजून हात द्यायचेत. लग्नाआधी पोचतं करीन, पण आज देणार नाही." व्यापाऱ्याने कपाळाला आठ्या घातल्या, पेढीच्या कामाचे नावही काढले नाही आणि तो निघून गेला. शिष्याला वाईट वाटले, नाही असे नाही. पण ऊन कलताच त्याने ओली गुंडाळी खांद्यावर घेतली आणि तो नदीत उतरला.

त्या संध्याकाळी त्याला कोणी गूळपाणी दिले नाही. सारजा दारातच फुरंगटून उभी होती. "किती उशीर केलास, बाबा! एक टोक मी धरणार."

त्याने लुगड्याचे एक टोक तिच्या हाती दिले. पलीकडे रांजणांपाशी आबा उभे होते. समोरच्या अंगणात काही निळे हलताना दिसले, तेव्हा ते आत गेले.