सोडियमची जागा

आवर्तसारणीत मूलद्रव्यांना अजून घरं मिळायची होती, तेव्हाची ही गोष्ट. मऊ, चकचकीत सोडियम तांब्या-लोखंडाच्या वस्तीत राहायला गेला. एकदा सगळे नदीवर गेले. सोडियमचा पाय पाण्याला लागला मात्र, भडकाच उडाला.

"हा कसला धातू? हाकला याला!" तांबं ओरडलं.

रडवेला सोडियम चालत चालत सारणीच्या पार डाव्या कडेला पोचला. तिथे लिथियम आणि पोटॅशियम रॉकेलच्या हौदात डुंबत होते.

"मी पाण्यात पेटतो हं," त्याने आधीच सांगून टाकलं.

"एवढंच ना?" पोटॅशियम हसला. "मी तर तुझ्याहून जोरात पेटतो! म्हणून तर आम्ही रॉकेलात राहतो. ये."

लिथियम वर सरकला, पोटॅशियम खाली. सोडियम भीत भीत मधे उतरला. काहीच झालं नाही. त्याने निवांत डोळे मिटले.