स्पंजाचं घर

समुद्राचं पाणी अजून आंबट झालं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. पोवळीताईने चुन्याचं मोठं घर बांधलं होतं आणि त्याच्याच भिंती पोखरून भोक्या नावाचा स्पंज आत राहायचा. ताई वर बोटभर चढवायची, भोक्या आतून बोटभर कोरायचा, आणि घर आपलं उभं राहायचं.

पण येणारा-जाणारा प्रत्येक मासा म्हणायचा, "पोवळीताईकडे चाललोय." राहायचे दोघं, नाव मात्र एकटीचं! भोक्याचा नुसता जळफळाट व्हायचा. 'स्पंजाचं घर' असं एकानेही कधी म्हटलं नव्हतं.

पुढे पाणी हळूहळू आंबट होत गेलं. ताईचा चुना नीट धरेना. भोक्याला मात्र तीच भिंत खडूसारखी मऊ लागू लागली. त्याला वाटलं, आपलाच जोर वाढला.

"भोक्या, जरा दमानं घे रे," ताई म्हणाली. "या पाण्यात माझं बांधणं होत नाही."

"स्वतःला जमेना, म्हणून पाण्याला बोल लावतेस होय?" असं म्हणून त्याने दुप्पट कोरलं.

एका भरतीला साधीशीच लाट आली आणि घर कोसळलं. ताई गेली. भोक्या वाळूत पडला. आता कोरायला भिंत नव्हती आणि लपायला कोपरा नव्हता.

दुरून आलेल्या एका माशाने विचारलं, "पोवळीताईचं घर कुठे हो?"

"ते होतं पूर्वी," खेकडा म्हणाला. "हा चुरा दिसतोय ना, हे स्पंजाचं घर."