शेवाळचांदावरची राणी आणि लोळंबे

एकदा काय झालं, एक होता चंद्र. आपला नव्हे रे बाब्या. आपला चांदोबा कोरडाठाक, नुसती धूळ. हा दुसरा, फार फार लांबचा. तो एका अगडबंब ग्रहाभोवती फिरायचा, आणि तो केशरी पट्ट्यापट्ट्यांचा ग्रह त्याच्या आभाळात सदा टांगलेला असायचा. त्या चंद्राचं नाव शेवाळचांद. सगळा हिरवागार आणि सगळा ओला. किती ओला? दोरीवर धोतर वाळत घातलं तर ते आणखी भिजायचं. तिथे पापड कोणी कधी पाहिलाच नव्हता. हसतेस काय ठके, पापड वाळणार कुठे?

झाडांची पानं एवढी मोठी की एका पानाखाली अख्खं लग्न लागायचं. झाडावर वेल, वेलीवर नेचे, नेच्यांवर शेवाळ, आणि त्या शेवाळावरही काहीतरी बारीक बारीक उगवलेलं. रिकामी जागा म्हणून नाहीच. आणि हवेत उडायचं बी. पिठासारखं बारीक, डोळ्यांना दिसायचंसुद्धा नाही. ओल मिळाली की बसायचं, आणि बसलं की रुजायचं. दगडावर रुजायचं, दाराच्या कडीवर रुजायचं. मग माणसाच्या अंगावर का नाही रुजणार? तिथे तर सदाचीच ओल.

अगंबाई, मग माणसं जगायची कशी? तर तिथे होते लोळंबे. लोळंबा म्हणजे, बरं का, म्हशीएवढं जनावर. सहा पाय, अंगावर एक केस नाही, डोळे झोपाळू. आणि जीभ! आपल्या अंघोळीच्या पंचाएवढी. दिवस कलला की लोळंबे रानातून गावात यायचे. माणसं अंगणात रांगेने उभी राहायची, आधी पोरं, मग म्हातारे, मग बाकीचे. लोळंबा एकेकाला टाचेपासून शेंडीपर्यंत चाटायचा. सळ्ळकन्! अंगावरचं बी साफ. एखादं रुजलं असेल तर त्याच्या लाळेने मूळसुद्धा सुटून यायचं. चाटून झाल्याशिवाय कोणी ताटावर बसायचं नाही, अशी तिथली रीत. शी काय शी? तुम्हालाही हातपाय धुवायला ओढूनच न्यावं लागतं की.

मग काय झालं, तिथला राजा तुषारसेन याचं लग्न ठरलं. राजा फार मऊ स्वभावाचा. मुलगी होती उन्हकड्याची राजकन्या, किरणावती. उन्हकडा म्हणजे त्या चंद्रावरचा एकच उंच डोंगर, ढगांच्याही वर गेलेला. तिथे ऊन, वारा, कोरडी जमीन. उडतं बी तिथवर पोचायचंच नाही. त्यामुळे लोळंबा कसा असतो हे पोरीने ऐकलंसुद्धा नव्हतं. कोणी सांगितलं कसं नाही म्हणते मी! लग्न ठरवताना मानपानाचं सगळं बोलतात, आणि कामाचं तेवढं राहून जातं.

नवी नवरी पालखीतून उतरली. दारात सासूबाई उभ्या. म्हणाल्या, "या सूनबाई. आधी चाटून घ्या, मग माप ओलांडा."

किरणावतीने मान वर केली, तर समोर हे धूड! तोंड उघडं, जीभ बाहेर, आणि तिच्या कोऱ्या शालूवर लाळ टपटप गळते आहे. जीभ नाकावरून एकदाच फिरली, आणि राणी धाडकन आडवी. तिची शुद्धच हरपली. लोकांनाही धक्का बसला. चाटल्यावर कोणी पडतं, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

मग वर्षभर राणीने डोळे घट्ट मिटून आणि नाक दाबून कसंबसं चाटून घेतलं. मग तिला बाळ झालं. गोरंगोमटं, गुटगुटीत. त्याला पहिल्यांदा अंगणात आणलं, तर लोळंबा जीभ काढून पुढे आला. राणी मध्ये उभी राहिली.

"माझ्या बाळाला हे जनावर चाटणार? मुळीच नाही!"

सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, अहो ते लागतंच हो अंगाला. हट्ट नका करू."

"सासूबाई, मी त्याला दिवसातून तीनदा न्हाऊ घालीन. माझ्या बाळासारखं स्वच्छ बाळ या राज्यात दुसरं नसेल."

आता तुम्हीच सांगा, बियांना दिवसातून तीनदा पाणी घातलं तर काय होतं? पण राणी कोरड्या मुलखातली. तिला अंघोळ म्हणजे स्वच्छता, एवढंच ठाऊक. राजा काय म्हणाला? राजा म्हणाला, "बरं." त्याच्या मऊपणाचा मला भारी राग येतो.

मग राणीने दवंडी पिटवली. सगळ्यांनी अंगाला कडू पाल्याचा रस चोळायचा, म्हणजे लोळंबे तोंडच लावणार नाहीत. लोकांनी चोळला. लोळंबे आले, पहिल्याच माणसाला चाटलं, आणि तोंड वेडंवाकडं करून थू थू करायला लागले. दुसऱ्या दिवशी आले, वास घेऊन माघारी गेले. तिसऱ्या दिवशी वेशीवरच थांबले, खूप वेळ वाट पाहिली, आणि माना खाली घालून दूर दलदलीत निघून गेले. बिचारे! मला फार वाईट वाटतं हो त्यांचं.

मग सुरू झालं. आधी एका शिपायाच्या मिशा हिरव्या झाल्या. तो ऐटीत पीळ देत हिंडला. मग मुदपाकखान्यातल्या बाईच्या कानामागे काहीतरी टोचलं, म्हणून तिने हात लावला, तर अळंबी! चांगली छत्री उघडलेली. ती किंचाळली ती थांबेचना. सगळा वाडा गोळा झाला. सासूबाईंनी सुनेकडे नुसतं पाहिलं. राणी मनातून चरकली, पण म्हणाली, "माझं बाळ तर स्वच्छ आहे ना!" आणि गेली बाळाला उचलायला.

बाळ ओसरीवर शेवाळाच्या गादीवर उताणं निजलं होतं. राणीने काखेत हात घातले आणि उचललं. उचलेना. पुन्हा उचललं. बाळ कळवळून रडलं. तिने वाकून पाठीखाली पाहिलं, आणि ती जागच्या जागी थिजली. बाळाच्या पाठीतून पांढरी पांढरी मुळं निघाली होती. गादीतून आरपार, थेट जमिनीत. नखं हिरवी झालेली. पायाच्या अंगठ्याला एक कोवळं पान. बाई गं! माझ्या तर आत्ताही अंगावर काटा आला, बघ.

राजा धावत आला. म्हणाला, "मुळं कापा." एक मूळ कापलं, तर त्यातून रक्ताचा थेंब आला. राजाच्या हातातली कात्री गळून पडली. त्याहून भयंकर काय, सांगू? बाळ दूध पिईना. आई जवळ घ्यायची, तर ते तोंड फिरवायचं. आभाळातल्या त्या केशरी उजेडाकडे एकटक बघत राहायचं. झाडं बघतात ना, तसं. तेव्हा राणीला कळलं. आपलं बाळ हळूहळू झाड होणार. मग ते आपल्याला ओळखणारही नाही.

"लोळंबे आणा!" ती ओरडली. "काहीही करा, पण त्यांना आणा!"

मग आधी दलदलीच्या काठावर नगारे वाजवले. लोळंब्यांनी मानही वळवली नाही. मग सोन्याच्या घागरीतून खीर पाठवली. तिच्यावर मुंग्या जमल्या, लोळंबे नाही. मग राणी म्हणाली, "मीच जाते. पालखी आणा." तर भोई हलेनात. का? त्यांचे खांदे पालखीच्या दांडीला रुजून बसले होते! माणसं आणि पालखी, सगळं एकच झालेलं. राणीने ते पाहिलं, पदर खोचला आणि अनवाणी चालू लागली.

चिखल तुडवत ती दलदलीवर पोचली, आणि समोर बघून तिला हुंदकाच फुटला. लोळंब्यांच्या बरगड्या दिसत होत्या. कातडी लोंबत होती. मोठाले लोळंबे आणि त्यांची पिल्लं, सगळे काठावरचे दगड चाटत होते. दगडांत काही नव्हतं, तरी चाटत होते.

असं चाटणं राणीने पाहिलं होतं. तिच्या माहेरी शेळ्या खडक चाटायच्या. खारा असतो तो खडक. शेळ्यांना मीठ लागतं, बरं का, त्याशिवाय त्यांच्या पायात बळ राहत नाही. पण इथे? इथे रात्रंदिवस पाणी. दगडातलं, मातीतलं, पाल्यातलं सगळं मीठ केव्हाच धुऊन गेलेलं. मग मीठ उरलं कुठे? माणसाच्या घामात!

राणी मटकन खालीच बसली. लोकांना वाटायचं, लोळंबे आपल्याला साफ करायला येतात. तिला वाटलं, किळसवाणे, लाळ गाळणारे. आणि ते तर बिचारे जेवायला येत होते. तिने त्यांचं ताटच ओढून घेतलं होतं.

तिने हात पुढे केला. एका म्हाताऱ्या लोळंब्याने चाटला, आणि थू! अजून कडू. राणीच्या अंगात तो रस सगळ्यांत जास्त मुरलेला, कारण चोळायलाही तीच सगळ्यांच्या पुढे. मग तिने काय करावं? ती धावायला लागली. चिखलातून, मुळांवरून, काठाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. जन्मात कधी धावली नव्हती. पडली, उठली, पुन्हा धावली. अंगातून घामाच्या धारा लागल्या आणि कडू रस वाहून गेला. मग एक पिल्लू लटपटत मागे आलं. त्याने तिची टाच चाटली. पुन्हा चाटली. आणि असं काही हंबरलं म्हणता!

झालं, सगळा कळप उठला. राणी तशीच वाड्याकडे पळत सुटली. थांबली तर घाम थांबेल, आणि घाम थांबला तर लोळंबे थांबतील. ती पुढे, कळप मागे. कोणी पाठ चाटतंय, कोणी मान, कोणी कान. केसांतून लाळ, डोळ्यांत लाळ, तोंडात लाळ. पण या खेपेला तिने नाक दाबलं नाही. वाटेत लोक दारात आले आणि आ वासून बघत राहिले. ही आपली राणी?

ओसरीवर आल्याबरोबर म्हाताऱ्या लोळंब्याने बाळाला चाटलं. अंगठ्याचं पान गळलं. नखं गुलाबी झाली. सगळ्यांनी श्वास सोडला. पण बाळ उताणं. पाठ जमिनीला घट्ट चिकटलेली. तिथे ती पंचाएवढी जीभ जाणार कशी? लोळंब्याने इकडून बघितलं, तिकडून बघितलं, आणि कुईं केलं. बाळाचे डोळे अजून त्या उजेडाकडेच.

राणी पालथी पडली. स्वतःच्या गालावरची, केसांतली लाळ ओंजळीने ओढली आणि बोटांनी बाळाच्या पाठीखाली सारली. एक मूळ सुटलं. दुसरं सुटलं. अशी सगळी सुटली, आणि राहिलं एक, मधोमध, सगळ्यांत जाड. आता तिच्या अंगावर लाळेचा थेंब उरला नव्हता, आणि चाटून चाटून लोळंब्यांच्या जिभाही कोरड्या पडल्या होत्या. कुठे उरली होती? फक्त तोंडात. मग राणीने मान वाकडी केली, डोकं जमिनीला टेकवलं, आणि आपल्या जिभेने ते मूळ चाटायला लागली. राजाचे डोळे पांढरे झाले. सासूबाईंनी तोंडावर पदर दाबला. ती चाटत राहिली.

आणि मूळ सुटलं.

राणीने बाळाला उचललं. चिखलाने माखलेली, केस चिकटलेले, अशी ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. बाळाने एकदा आभाळाकडे पाहिलं. मग टॅहां केलं, त्या केशरी उजेडाकडे पाठ फिरवली, आणि आईच्या कुशीत तोंड खुपसून चुटूचुटू दूध प्यायला लागलं.

मग लोळंबे गावात परतले, लोकांनी रस धुऊन टाकला, भोई पालखीपासून सुटले, आणि शेवाळचांदावर सगळे चाटूनपुसून सुखाने नांदू लागले. झालं. आता पुरे. ठके, पांघरूण ओढ. बाब्या, पाठीला हात लावून काय बघतोस? काही नाही उगवलेलं. मीट डोळे.