चिंचेवरचे पाहुणे

एकदा एक शिष्य आपल्या गुरूवर असा संतापला, की त्याने भर सकाळी, चार माणसांदेखत, त्यांच्या हातातला खराटा ओढून घेतला. गुरूच्या हाती खराटा कशाला आला आणि शिष्याचा तोल का गेला, हे समजायचे तर थोडे मागे जावे लागेल.

शहराच्या कडेला बंगल्यांची एक वसाहत होती. तिथे एक वृद्ध गृहस्थ राहत; सगळे त्यांना आप्पा म्हणत. पक्षी कसे पाहावेत हे त्यांनी वसाहतीतल्या कितीतरी जणांना शिकवले. पण शिष्य म्हणावा असा एकच, सदानंद. पाऊस सरला, आश्विनाचे ऊन चटके देऊ लागले, की ही गुरुशिष्यांची जोडी सकाळी बागेतल्या बाकावर जाऊन बसे. हिरवळीवर शेपटी नाचवणारा धोबी आला की नाही, जास्वंदीत कोणता चिमुकला शिंजीर शिरला, कोणाच्या परसातल्या पेरूवर पोपटांचा दरोडा पडला, सगळे निगुतीने पाहायचे. आप्पा बोलत कमी. सदानंद बोलण्याची सगळी कसर भरून काढी.

त्या वर्षी भोरड्या आल्या. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ही पाखरे वायव्येकडच्या दूरदूरच्या थंड मुलखांतून थव्याथव्यांनी आपल्याकडे उतरतात. ज्वारी राखणारा माणूस त्यांना गोफणीने हाकलतो, हे खरे. पण संध्याकाळी हजारोंनी आभाळात घिरट्या घालतात, तेव्हा धुराचा लोट जिवंत होऊन नाचतो आहे असे वाटते. पाहणाऱ्याचा घास हातात राहतो. असा नाच झाला की सगळा थवा एका झाडावर कोसळावा तसा उतरतो आणि रात्रभर तिथेच राहतो.

ते झाड होते एका फरशीच्या व्यापाऱ्याच्या परसातले. जुनी, दाट चिंच. सदानंदची गच्ची बरोब्बर समोर. रोज संध्याकाळी त्याचे मित्र दुर्बिणी घेऊन जमत. खुर्च्या मांडल्या जात, चहा होई, चिवड्याची ताटली फिरे. सदानंद सगळ्यांना पाखरांच्या प्रवासाची हकीगत सांगे, जणू तिकडून इथवर त्यांच्यासोबत तोच उडत आला होता. अंधारले की मंडळी धन्य धन्य म्हणत घरोघर जात.

आणि चिंचेखाली काय होई? सकाळी परसात पाय ठेवायला जागा नसे. फरशी पांढरी, गाडी पांढरी, वाळत घातलेल्या धोतरावर नक्षी. घाणीचा भपकारा स्वयंपाकघरापर्यंत. व्यापाऱ्याची म्हातारी आई पहाटे तुळशीला पाणी घाली. तिला आता वृंदावनाला हात लावायची किळस येऊ लागली. कोजागिरीला घरची मंडळी परसात बसली, पातेल्यात केशर घातलेले दूध चांदण्यात ठेवले, आणि चिंचेवर कशाने तरी दचकून थवा हलला. ते दूध मोरीत ओतावे लागले.

दुसऱ्याच दिवशी व्यापाऱ्याने पालिकेची परवानगी आणली. येत्या रविवारी चिंच बोडकी करायची असे ठरले.

सदानंदच्या अंगाची लाही लाही झाली. तो तडक फाटकाशी गेला आणि तुम्हाला फरशीच्या भावापलीकडे जगात काही कळते का, असे त्याने व्यापाऱ्याला विचारले. व्यापारीही काही कमी नव्हता. त्याने सदानंदची दुर्बीण, त्याचे मित्र, त्याचा चिवडा, सगळ्याचा उद्धार केला. ही पाखरे किती लांबून येतात याची कल्पना तरी आहे का, असे सदानंदने विचारले, तेव्हा व्यापारी म्हणाला, "लांबून येतात ते ठीक आहे हो. पण तुमच्या गच्चीवर का नाही येत?"

त्यावर सदानंद आणखी मोठ्याने ओरडला. एक फांदी जरी तोडली तरी कोर्टात खेचीन, असे बजावून तो घरी आला. रात्री त्याला जेवण गेले नाही. आप्पा आपल्या बाजूने उभे राहतील, चार शब्द सुनावतील, वसाहतीत त्यांचा मान आहे, असे त्याने मनाशी धरले होते.

सकाळी तो आप्पांकडे निघाला, तर आप्पा व्यापाऱ्याच्याच परसात. धोतर खोचलेले, शेजारी पाण्याची बादली, हातात खराटा. फरशीवरची शीट ते खरडून काढत होते. सदानंदला आधी वाटले, आपल्याला भास होतो आहे. फाटकातून त्याने दोनदा हाक मारली. आप्पांनी मान वर केली, त्याच्याकडे पाहिले आणि ते पुन्हा वाकले.

व्यापारी बाहेर आला, तो त्यांच्यावरही खेकसला. हे ढोंग माझ्या दारात चालणार नाही, झाड तर मी तोडणारच, असे त्याने ऐकवले. आप्पा "बरं" म्हणाले आणि गाडीची काच पुसायला लागले.

पुढच्या सकाळी तेच. त्याच्या पुढच्याही सकाळी तेच. वसाहतीला विषय मिळाला. आप्पांनी म्हातारपणी नवी नोकरी धरली, पगार भोरड्या देतात, असे कोणी म्हणाले. कोणी सदानंदला अडवून विचारले, की गुरूने पक्ष बदलला वाटतं. तो हसून पुढे गेला, पण आत निखारे फुलत होते. ज्या माणसाने मला आभाळाकडे बघायला शिकवले, तो शत्रूच्या दारात वाकून घाण काढतो! शनिवारी सकाळी त्याला राहवले नाही. रस्त्यावरची चार माणसे पाहत असतानाच तो फाटक ढकलून आत शिरला आणि त्याने खराटा हिसकावला.

"तुम्हाला लाज नाही वाटत?" तो म्हणाला. "उद्या हा माणूस पाखरांचं घर पाडणार आहे, आणि तुम्ही त्याची गाडी पुसताय. हे असं करून त्याला लाजवाल असं वाटत असेल, तर तो लाजणाऱ्यातला नाही."

आप्पा इतकी वर्षे कधी आवाज चढवून बोलले नव्हते. त्या दिवशी चढवला.

"लाजवायचं असतं तर तुला फोटो काढायला नसतं का बोलावलं? फरशी घाण झालीय म्हणून धुतोय. तू त्याला काय ऐकवलंस, पाखरं किती लांबून आली ते. आली असतील. पण ज्यांचं कौतुक तू गच्चीवर बसून मित्रांना सांगतोस, ते पाहुणे तुझे. आणि उष्टी कोणी काढायची? त्याच्या आईनं? त्या बाईची तुळस बाटली, दूध नासलं. तू चिवडा खात होतास. पाखरू आभाळात असतं तेव्हा सगळ्यांचं, आणि शिटलं की खालच्याचं, हा कुठला न्याय? त्याला पाखरं कळत नाहीत म्हणतोस. तुला निम्मी कळली आहेत. वरची निम्मी."

सदानंदचा चेहरा लाल झाला. "म्हणजे झाड तोडू द्यायचं?"

"ते त्याच्या हातात आहे. तोडेलही. उद्या तोडलं म्हणून आज झाडायचं राहतं का? दे तो खराटा इकडे."

सदानंदने खराटा दिला नाही. परतही गेला नाही. त्याचा राग जसाच्या तसा होता, पण तो आता कोणावर ठेवावा हे त्याला कळेना. शेवटी तो रागातच वाकला आणि रागातच खरडू लागला. चिंचेखालची घाण अशी घट्ट बसली होती, की खांदे भरून आले. किती आहे ही, असे त्याच्या तोंडून निघाले. आप्पांनी बादली त्याच्याकडे सरकवली. मागच्या दारात व्यापाऱ्याची आई उभी होती. तिने सगळे ऐकले होते.

रविवारी झाडतोडे आले. करवत, कोयते, दोरखंड घेऊन. वसाहत तमाशा पाहायला जमली. गच्चीवरचे मित्रही आले. त्यांना सदानंद परसात बादलीपाशी दिसला, तेव्हा ते जरा चपापले. व्यापारी हात बांधून उभा होता. एक माणूस वर चढला, तेवढ्यात म्हातारी पदर खोचत बाहेर आली.

"वृंदावनावर आलेली फांदी तेवढी काढ," ती मुलाला म्हणाली. "बाकीची राहू दे. झाडायला माणसं आहेत."

"आणि दिवाळी झाल्यावर ही माणसं आली नाहीत तर?"

"तर तू आहेस, करवत आहे."

व्यापारी धुमसला. सगळे झाड उतरवायला मजुरी ठरली आहे, असे काहीतरी पुटपुटला. पण आईपुढे त्याचा आवाज चढत नसे. त्याने वरच्या माणसाला खूण केली.

संध्याकाळी थवा पहिल्यांदा जिच्यावर टेकायचा, ती नेमकी तीच फांदी होती. सदानंदला ते माहीत होते. गेल्या आठवड्यात एका फांदीसाठी तो कोर्टात जाणार होता. आता खाली दोर धरायला माणूस कमी पडला, तेव्हा त्यानेच पुढे होऊन दोर हाती घेतला. करवतीचा आवाज त्याच्या दातांत शिरत होता. फांदी कडकडून सुटली, तशी त्याने सगळे वजन अंगावर घेऊन ती हळू खाली सोडली, वृंदावनाला धक्का न लावता.

त्या संध्याकाळी भोरड्या आल्या. नेहमीपेक्षा जास्त वेळ घिरट्या घालत राहिल्या, मग उरलेल्या झाडात दाटीवाटीने शिरल्या. सदानंदची गच्ची तेव्हा रिकामी होती. हातांना आलेले फोड निववत तो खाली ओट्यावर बसून होता.

सकाळी तो परसात गेला, तर आप्पा आधीच कामाला लागले होते. म्हातारी फुलांची परडी घेऊन बाहेर आली. ती बरे झाले म्हणाली नाही, की देव भले करो म्हणाली नाही.

"काल तुळशीच्या मागचं राहिलं होतं रे," ती सदानंदला म्हणाली.

त्याने वळून पाहिले. खरेच राहिले होते. तो बादली उचलून तिकडे गेला.