इनामदारांचा हँगर

खिंडीतल्या लढाईत गावची जी माणसं पडली, त्यांच्या वस्तू देवळामागच्या खोलीत जपलेल्या आहेत. रिवाज एकच. वस्तू लढाईच्या दिवसाची असेल तरच तिला तिथे जागा मिळते. एक मोडकी तलवार आहे, एक पायतण आहे, आणि काचेमागे भाल्याने फाटलेला, रक्ताने काळा पडलेला अंगरखा आहे.

एका सकाळी इनामदार भवानराव चार माणसं घेऊन तिथे आले. हातात शिसवी हँगर होता. खोलीची जागा त्यांच्या मालकीची, आणि आवाजही मालकाचाच. जुन्या वस्तूंच्या जाणकार कुमुदिनी गद्रे तिथे पाट्या लिहीत बसल्या होत्या.

"बाई, लिहा. लढाईच्या दिवशी आमच्या खापरपणजोबांचा अंगरखा ह्याच हँगरवर होता."

बाईंनी हँगर उलटसुलट करून पाहिला. आकडा यंत्रावर वळलेला होता, खांदे विलायती कोटाच्या मापाचे होते.

"हा एवढा जुना नाही, इनामदार. लढाईनंतर शंभरेक वर्षांनी घडलाय."

"मी सांगतो ते लिहा. नाहीतर उद्या खोली रिकामी करा."

बाईंनी ब्रश उचलला.

"लिहिते. पण वाचणारे मला विचारतील, म्हणून आधी तुम्हाला विचारते. त्या दिवशी गावातल्या सगळ्यांचे अंगरखे अंगावर होते. तुमच्या खापरपणजोबांचा तेवढा हँगरवर कसा राहिला?"

सोबतच्या माणसांनी माना खाली घातल्या. भवानरावांची नजर काचेमागच्या अंगरख्यावर गेली. मग त्यांनी हँगर उचलून उपरण्यात गुंडाळला.

"तुमचंच बरोबर आहे, बाई," ते हळू आवाजात म्हणाले. "हा हँगर नंतरचाच आहे."