शेवंतीकाकींचं कंटिन्यू

विभाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. फोन ठेवला आणि तिच्या वर्गातली एक दुपार आठवली.

सावंतवाडीजवळच्या एका गावात काजू सोलणाऱ्या बायकांना माझी ही बहीण इंग्रजी शिकवायची. बायका मांडीवर सुपं घेऊनच बसत. एकदा मी तिथे असताना तपासणीचे साहेब आले आणि भडकले, "हा वर्ग आहे की कारखाना? 'कंटिन्यू' कसं वापरतात ते एकीने तरी सांगा. नाहीतर आजपासून वर्ग बंद!"

सगळ्यांचे हात थबकले. शेवंतीकाकी तेवढ्या सोलत राहिल्या. साहेब त्यांच्यापुढे येऊन ओरडले, "बाई, ऐकू येतं ना?"

"येता तर! साहेबानू, तुमी इलात, वरडलात, वर्ग बंद म्हणलात. माझो हात थांबलो काय?" मग मान वर न करता काकी म्हणाल्या, "आय कंटिन्यू."

साहेबांनी त्या हातांकडे पाहिलं. जाताना त्यांनी वहीत शेरा लिहिला, "वर्ग चालू ठेवावा."

ताईनंतर वर्ग घ्यायला बायकांनी मला बोलावलं आहे. मी अजून गेलेले नाही.