ठकूचं बोरन्हाण

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा थंडीसुद्धा सांगितल्या वेळेला यायची. दिवाळीच्या पणत्या विझल्या की डोंगरावरून खाली उतरायची आणि रथसप्तमी झाली की मुकाट्यानं परत जायची. मधल्या दिवसांत मात्र तिचंच राज्य. राजा असो की गुराखी, सकाळी सगळे उन्हाचा तुकडा शोधत फिरायचे.

त्या डोंगराच्या पायथ्याशी राजाचा वाडा होता, वाड्याच्या पुढे एक गाव होतं आणि गावात सगुणाबाई नावाची हलवेकरीण राहत होती. हलवा म्हणजे गाजराचा नव्हे हं पोरांनो, जिभल्या चाटू नका! हा संक्रांतीचा हलवा. परातीत तीळ घ्यायचे, खाली मंद निखारे ठेवायचे, वरून चमचा चमचा साखरेचा पाक सोडायचा आणि बोटांनी हलकेच फिरवत राहायचं. एक दिवस नव्हे, चांगले चार-चार दिवस. मग त्या तिळांवर पांढरेशुभ्र काटे फुटतात. त्याला हवा गार लागते, हात हलका लागतो, आणि घाई तर मुळीच चालत नाही.

असा हलवा दोऱ्यात गुंफून त्याचे दागिने करायचे आणि लहान लेकरांना बोरन्हाणाला घालायचे. अंगात काळं झबलं, त्यावर हे पांढरे दागिने, आणि डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे! खाली सांडलेला खाऊ वेचायला गल्लीतली पोरं अशी तुटून पडायची की बाळ कुठलं आणि पोरं कुठली ते कळायचं नाही.

सगुणाबाईच्या हातच्या हलव्याला तोड नव्हती. पंचक्रोशीतलं एकही बोरन्हाण तिच्या दागिन्यांवाचून होत नसे. आणि खरं सांगू का, तिला त्याचा थोडा तोराही होता.

पण एक गोष्ट फार वाईट होती. गावच्या शंभर लेकरांना सजवणाऱ्या या बाईच्या स्वतःच्या एकाही लेकराच्या अंगावर हलव्याचा दाणा चढला नव्हता. थोरली मंजुळा बाळ होती तेव्हा पाटलांच्या घरचं काम आलं. मधला येसू बाळ होता तेव्हा प्रधानांच्या घरचं. ‘उद्या करू, परवा करू’ म्हणता म्हणता रथसप्तमी उलटायची. बोरन्हाण पाच वर्षांपर्यंतच करतात. आता मंजुळा नऊ वर्षांची होती आणि येसू सहाचा. दोघांचंही वय निघून गेलं होतं.

राहिली होती धाकटी ठकू. अकरा महिन्यांची, गोरीगोमटी, गुटगुटीत. गालावर बोट ठेवलं की आत रुतायचं.

“आई, ठकूचं तरी नक्की ना गं?” मंजुळानं थंडी सुरू झाल्या झाल्या विचारलं.

“नक्की म्हणजे नक्की,” सगुणाबाई म्हणाली. “या वर्षी पहिला हलवा ठकूचा.”

आणि तिसऱ्याच दिवशी वाड्यावरून निरोप आला. बाळराजांचं बोरन्हाण आहे, दागिने सगुणाबाईनंच करायचे. बाळराजे आणि ठकू एकाच पहाटे जन्मलेले. म्हणजे बोरन्हाणही एकाच थंडीत आलं. सगुणाबाई मंजुळाला म्हणाली, “आधी वाड्याचं होऊ दे. मग ठकूचं करू.” मंजुळाला हे वाक्य पाठ होतं.

पडवीत शेगडी पेटली. सगुणाबाईनं शेगडीभोवती रांगोळीची एक रेघ ओढली आणि पोरांना बजावलं, “या रेघेच्या आत पाऊल टाकाल तर खबरदार! तुमचा हात लागला की काटा मरतो.”

पोरं रेघेच्या पलीकडे बसून बघत राहिली. मंजुळा दिवसभर ठकूला कडेवर घेऊन फिरायची. एक दिवस ठकूनं आपलं आपण पहिलं पाऊल टाकलं. “आई, बघ, बघ!” म्हणून येसू केवढ्यांदा ओरडला! पण पाक तारेवर आला होता. सगुणाबाईनं मागे वळून पाहिलं तोवर ठकू धपकन खाली बसलीही होती.

दागिन्यांचं माप घ्यायची वेळ आली तेव्हा सगुणाबाईनं डब्यातून सासूबाईंची दोरी काढली. त्या दोरीला गाठी होत्या. पहिली गाठ मनगटाची, दुसरी गळ्याची, तिसरी कमरेची, चौथी डोक्याची. वर्षाच्या बाळाचं हे माप घरात तीन पिढ्या चालत आलेलं.

तिचा नवरा धोंडजी निखारे सारखे करत होता. तो म्हणाला, “अगं, एकदा वाड्यावर जाऊन बाळराजांच्या मनगटाला दोरा लावून ये की.”

“वीस वर्षं हेच करतेय मी,” सगुणाबाई फणकारली. “मला शिकवू नका.”

धोंडजी गप्प बसला. शहाणा माणूस होता.

पण पोरं गप्प बसणारी नव्हती. मंजुळानं येसूला परसात बोलावलं आणि कानात सांगितलं, “ठकूचे दागिने आपण करायचे.” तीन विटांची चूल मांडली, जुना तवा ठेवला, तीळ पसरले, पाक सोडला. आता दहा मिनिटं झाली, वीस मिनिटं झाली, काटा काही फुटेना. येसूला कुठला धीर! त्यानं घरातलं सूप आणलं आणि निखाऱ्यांना असा वारा घातला, असा वारा घातला, की तव्यावर फसफस झालं, धूर झाला आणि सगळ्या तिळांचा मिळून एकच काळा गोळा झाला.

“हा हलवा नाही, ढेकूळ आहे!” मंजुळा म्हणाली. दोघं आधी रडकुंडीला आली आणि मग एकमेकांची काळी तोंडं बघून हसत सुटली.

हसणं ऐकून धोंडजी मागे आला. रागावला नाही. खाली बसला आणि निखाऱ्यांवर मूठभर राख पसरून म्हणाला, “निखाऱ्याला चिडवलंत की साखर जळते. त्याला झोपू द्यावं. आणि वर तुम्ही गाणी म्हणत बसावं.”

मग रोज दुपारी परसात गाणी म्हणत हलवा होऊ लागला. तवा जुना, म्हणून हलव्याला तांबूस रंग आला. काटे म्हणाल तर बारीकसे, पुरळ उठल्यासारखे. पण हलवा होता, खरोखरचा हलवा! ठकू मध्येच मूठभर उचलून तोंडात कोंबायची. त्यामुळे पोरांच्या लक्षात आलं, की ही बाई दागिने अंगावर कमी आणि तोंडात जास्त घालणार. म्हणून मंजुळानं मऊ सुताचा दोरा घेतला, दागिन्यांना आतून जुन्या लुगड्याची पट्टी लावली, आणि ओढली की सुटेल अशी सैल गाठ मारली. माप कशाचं घेतलं? ठकूचंच. झोपली की मनगटाला सूत गुंडाळायचं, उठली की तिच्याबरोबर खेळायचं.

इकडे वाड्याचे दागिने तयार झाले. मुकुट, हार, मनगट्या, कमरपट्टा. चांदणं गोठवून केल्यासारखे दिसत होते. बोरन्हाणाच्या आदल्या दिवशी सकाळी सगुणाबाई नवं लुगडं नेसून पेटी घेऊन वाड्यावर गेली.

राणीनं बाळराजांना मांडीवर घेतलं. सगुणाबाईनं मनगटी घातली. ती मुठीवरच अडकली. हार डोक्यावरून खाली उतरेना. कमरपट्टा अर्ध्या पोटापर्यंत पोचला आणि थांबला. मुकुट डोक्यावर वाटीसारखा बसला नि घरंगळला. त्यात काटे टोचले. बाळराजांनी असं भोकाड पसरलं की दारावरचे पहारेकरी आत धावले. माप घ्यायला सगुणाबाईनं दोरी पुढे केली, तर दोरी बघूनच बाळराजे किंचाळायला लागले.

“सगुणाबाई,” राणी म्हणाली, “दागिने फार देखणे आहेत. पण हे बाळासाठी केलेत की बाहुलीसाठी?”

सगुणाबाईची मान खाली गेली.

“उद्या सूर्य माथ्यावर यायच्या आत नीट बसतील असे आणा. नाहीतर पुढच्या थंडीपासून हे काम दुसऱ्या घरी जाईल,” राणी म्हणाली आणि तिच्यासोबत एक म्हातारी दासी पाठवून दिली.

वाटभर सगुणाबाईच्या मनात एकच विचार. एका दिवसात हलवा व्हायचा कसा? झाला तरी माप कुठून आणायचं? डोळे भरून आले होते, वाट दिसत नव्हती. आणि तेवढ्यात कानावर खिदळणं आलं. दहा-पंधरा पोरांचा कल्ला. तो तिच्याच अंगणातून येत होता.

ती दारात येऊन थबकली. अंगणात पाट मांडला होता. पाटावर काळ्या झबल्यातली ठकू. डोक्यावर तांबूस मुकुट, गळ्यात तांबूस हार, हातात मनगट्या, सगळं कसं अंगासरसं बसलेलं! धोंडजी सुपातून बोरं ओतत होता, पोरं वेचायला झोंबत होती, आणि ठकू एक मनगटी चोखत खदखदा हसत होती.

सगुणाबाईनं काखेतली पेटी खाली ठेवली. आपल्या लेकीचं बोरन्हाण, आणि आपण नाही!

मंजुळा आईला बघून दचकली. “आई, तुझी वाट बघणार होतो गं. पण तू दर वर्षी उद्या म्हणतेस. म्हणून...”

तेवढ्यात दासीनं टाळी वाजवली. “अगं बाई! हे तर बाळराजांना नेमके बसतील! दोघं एकाच अंगाची. काढा पटकन आणि द्या माझ्याकडे. झालं तुमचं काम!”

येसू दोन्ही हात पसरून ठकूच्या पुढे उभा राहिला. मंजुळानं मात्र आईकडे एकदा पाहिलं, खाली वाकली आणि ठकूच्या मनगटीची गाठ सोडायला लागली.

“घेऊन जा आई,” ती म्हणाली. “आम्हाला सवय आहे.”

पोरगी रडली असती, भांडली असती, तर सगुणाबाईला सोपं गेलं असतं. पण ही नऊ वर्षांची पोर किती शहाण्यासारखी गाठ सोडत होती! सगुणाबाई पुढे झाली आणि तिनं मंजुळाचा हात धरला.

“सोडू नकोस,” ती म्हणाली. मग दासीकडे वळली. “आजी, हे दागिने माझ्या ठकूचे आहेत. ते कुठेही जाणार नाहीत. वाड्याचं काम गेलं तर जाऊ दे.”

मग तिनं ओंजळ भरून बोरं घेतली आणि ठकूच्या डोक्यावर ओतली. एकदा ओतली, दोनदा ओतली, तिसऱ्यांदा ओतताना तिला हसूही येत होतं आणि रडूही येत होतं. ठकूला त्याचं काय! तिनं आईच्या नाकाला चिकट हात लावला.

आईनं तिला उचललं आणि चकितच झाली. “अगं, केवढी जड झालीस तू! आणि मंजुळा, हिच्या मनगटाचं इतकं नेमकं माप तुला गं कसं कळलं?”

“त्यात काय कळायचं?” मंजुळा म्हणाली. “दिवसभर कडेवर असते ना.”

सगुणाबाईनं ठकूच्या मनगटावरून बोट फिरवलं. मग एकदम पदर खोचून म्हणाली, “येसू, कात्री आण! हलवा कशाला नवा करायचा? आहे की पेटीभर, परातीतही उरलाय. दोरेच तेवढे बदलायचे. बसा सगळे माझ्याजवळ.”

“रेघेच्या आत?” येसूनं विचारलं.

सगुणाबाईनं पडवीत जाऊन पायानंच रेघ पुसून टाकली.

मग काय विचारता! दुपारच्या उबदार उन्हात सगळं घर कामाला लागलं. सगुणाबाई जुने दोरे कापत होती, मंजुळा मऊ सूत मोजत होती, येसू आतून लावायच्या पट्ट्या फाडत होता, धोंडजी हलवा रंगरूपानं निवडत होता. दासीसुद्धा “माझं काही जात नाही बाई” म्हणत गुंफायला बसली. एकेक दागिना झाला की ठकूच्या अंगावर घालून बघायचा. तिनं त्यातला अर्धा हार खाल्ला, तो पुन्हा गुंफावा लागला. पण दिवेलागणीच्या आत पेटी भरली.

दुसऱ्या दिवशी सगळेच वाड्यावर गेले. दागिने बाळराजांना असे बसले की काय सांगू! त्यांनी मनगटी तोंडात घातली आणि हसले. राणीलाही हसू आलं.

“काल चुकलं ते आज बरोबर कसं आलं?” तिनं विचारलं.

“राणीसरकार,” सगुणाबाई म्हणाली, “माझे हात तर कालचेच आहेत. पण माझ्या घरातलं लेकरू केवढं झालंय, हेच मला काल ठाऊक नव्हतं. माझ्या थोरलीला ठाऊक होतं.”

राणीनं मंजुळाला जवळ घेतलं आणि ठकूला बाळराजांच्या शेजारी पाटावर बसवायला सांगितलं. दोघांच्या डोक्यावरून एकदमच बोरं ओतली गेली, आणि येसूनं प्रधानांच्या मुलापेक्षा दोन बोरं जास्त वेचली.

घरी आल्यावर सगुणाबाईनं पुन्हा शेगडी पेटवली. या खेपेला परातीत सहा हात फिरत होते. हलव्याला काटा थोडा बोथट आला, पण तिनं चकार शब्द काढला नाही. रथसप्तमीच्या दिवशी तिनं अंगणात दोन पाट मांडले, एक येसूचा आणि एक मंजुळाचा.

शेजारीण कुंपणावरून डोकावली. “अगं सगुणा, एवढी घोडी झाली पोरगी, आता कसलं बोरन्हाण?”

“घोडी असली तरी माझी आहे,” सगुणाबाई म्हणाली, आणि हलव्याचा मुकुट घालून लाजलेल्या मंजुळाच्या डोक्यावर तिनं अख्खं सूप उपडं केलं.

तात्पर्य काय, तर हातची कला कितीही थोर असो, तिच्यात घरच्या लेकरांना जागा नसेल तर ती अपुरीच.